सिस्टरच्या कोठीतली पुस्तकं

सिस्टर कोणालाही नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट धरत, स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघत आणि अर्धा मिनिट काही बोलत नसत. नाडी मोजून झाली की मग म्हणत, "बसा." गावाला त्याची सवय होती. माणसं दारातूनच हात पुढं करून आत येत. मला सवय नव्हती. खोली बघायला गेले त्या दिवशी एका हातात बॅग, दुसरा हात त्यांच्या मुठीत, अशी मी ओसरीत उभी राहिले. शेवटी त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, "घाबरून राहिल्या तुमी. घाबरायसारखं काय न्हाई इथं. खोलीला दोन खिडक्या हायेत."

गोरेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला आले होते, तासिका तत्त्वावर. माझं गाव हट्टा, तिकडं वसमतच्या बाजूला. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं म्हणून खोली हवी होती. सिस्टर आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण गाव त्यांना 'शिष्टर' म्हणे आणि त्याही तेवढ्यालाच ओ देत. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "टाइम कुठं भेटला? कोणाची ना कोणाची बाई अडलेली असायचीच." आजूबाजूच्या गावांतली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळं त्या भल्याभल्यांना मोजत नसत. पोलीस पाटलालाही एकदा त्यांनी भर चौकात सांगितलं होतं, "तू पायाळू होतास. तवापासून उलटाच चालून राहिला."

ओसरीत भिंतीला लागून धान्याच्या पाच पत्र्याच्या कोठ्या होत्या. पहिले चार दिवस मला वाटलं, एकट्या बाईला एवढी ज्वारी लागते कशाला? पाचव्या दिवशी एकीचं झाकण उघडं दिसलं, डोकावले, तर आत पुस्तकं. पाचही कोठ्यांत पुस्तकंच. प्रत्येक कोठीवर जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'सहा महिने', 'नऊ महिने', 'एक वर्ष', 'दात आल्यावर', आणि शेवटच्या कोठीवर 'पचलं तर'.

हे वय वाचणाऱ्याचं. म्हणजे त्याच्या वाचण्याचं. तीस वर्षं त्या बाळंतिणींना सांगत आल्या होत्या, की लेकराला सहा महिने अंगावरचं दूध, मग पेज, मग मऊ खिचडी, मग कुस्करलेली भाकर. निवृत्तीनंतर पुस्तकं जमवून मोठ्या माणसांना वाचायला लावायचं मनात आलं, तेव्हा त्यांना दुसरी कुठली पद्धत माहीतच नव्हती. पहिले सहा महिने माणसानं नुसतं ऐकायचं, सिस्टर वाचून दाखवणार. मग मोठ्या अक्षरांची, पानावर दोन ओळी असलेली पुस्तकं. मग चार ओळींची. असं करत करत वर.

अडचण एवढीच होती की हे वय त्या मोठ्यानं सांगत. गावचे एक माजी सरपंच, साठी उलटलेले, उतारवयात वाचायला लागले होते. एकदा त्यांचे व्याही सोबत असताना ते ओसरीवर आले आणि त्यांनी चौथ्या कोठीला हात घातला. सिस्टर आतून ओरडल्या, "सरपंच अजून नऊ महिन्याचे हायेत, म्याडम. त्यांना तिथलं देऊ नका, पोट गच्च होईल." सरपंच चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी निरोप आला, की निदान पाहुण्यांसमोर तरी एक वर्षाचं म्हणा.

पुस्तक कुठल्या कोठीत टाकायचं हे ठरवायची त्यांची तऱ्हाही त्यांचीच होती. मधलं एखादं पान उघडून मोठ्यानं वाचायला लागत. वाक्य एका दमात संपलं तर खालची कोठी, दम तुटला तर वरची. मी एम. ए. मराठी. मी त्यांना भाषेचा पोत, आशय वगैरे सांगू पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते तुमच्या कॉलेजात. इथं दम पुरते का तेवढं सांगा." मग मी ईर्षेनं माझ्या आवडत्या एका लेखकाचं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. त्या वाचायला लागल्या. स्वल्पविराम आला, दुसरा आला, तिसरा आला. अर्ध्यावर थांबून त्यांनी छातीवर हात ठेवला. "चांगला माणूस दिसते," त्या म्हणाल्या, "पर ह्याला दमा नव्हता."

याहून भयंकर गोष्ट मला दुसऱ्या महिन्यात कळली. सिस्टर पुस्तकं कापत.

जाडजूड पुस्तक हाती आलं की उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीनं त्याची पाठ सोडवायची. पन्नास-साठ पानांचे भाग करायचे. मग वाकड्या सुईनं, गोधडीच्या दोऱ्यानं, प्रत्येक भागाला टाके. बाईच्या पोटाला घालतात तसे, एकेक गाठ वेगळी. वर पुठ्ठ्याऐवजी लोकांचे जुने एक्स-रे. ओसरीत बसून कोणी पुस्तक वाचत असलं, की बाहेरून जाणाऱ्याला त्याच्या हातात कोणाची तरी कवटी दिसे. मी कळवळून विचारलं होतं, की असं का करता. त्या म्हणाल्या, "माणूस अक्षराला भेत न्हाई, जाडीला भेते. जाडी काढली की भेव गेलं."

साखऱ्याची कौसामावशी मला भेटली ती याच ओसरीत. पन्नाशीच्या आतबाहेरची, मेंढरं राखणारी, कपाळावर गोंदण. बाजाराच्या दिवशी जीपनं गोरेगावला यायची आणि बाजार करायच्या आधी इथं यायची. गावात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता, त्यात ती अक्षरं शिकली. परीक्षा झाली, सर्टिफिकेट मिळालं, वर्ग बंद झाला. गल्लीतल्या बायका महिन्याभरात अक्षरं विसरल्या. कौसामावशी विसरू नये म्हणून जीपवरच्या पाट्या वाचत फिरायची, तेव्हा सिस्टरनी तिला जीपच्या अड्ड्यावर गाठलं. आधी नाडी बघितली, मग घरी आणलं.

मी आले तेव्हा ती 'नऊ महिने'मध्ये होती आणि तिथून हलायला तयार नव्हती. बकरीच्या करडाचं एक पातळ पुस्तक होतं, ते तिनं इतक्या वेळा नेलं होतं की त्याचे टाके दोनदा घालावे लागले. मेंढरं माळावर चरत आणि ही बाभळीखाली बसून तेच पुस्तक मोठ्यानं वाचे. तिला ते तोंडपाठ होतं. मी विचारलं, मावशी, नवं का नेत नाही? ती म्हणाली, "ह्यात मी आडत न्हाई ना म्याडम." मला ते पटलं नाही. मला वाटलं, सिस्टर तिला मुद्दाम लहान ठेवून राहिल्यात. पन्नास वर्षांची शहाणी बाई, शंभर मेंढरं तोंडावरून ओळखते, आणि वाचते काय, तर करडू आणि फुलपाखरू.

एका बाजाराच्या दिवशी सिस्टर हिंगोलीला गेल्या होत्या. मी माझ्या खोलीतून माझी कादंबरी आणली. कॉलेजात असताना निबंधाच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून मिळालेली, साडेतीनशे पानांची, पहिल्या पानावर माझं नाव आणि प्राचार्यांची सही. ती मी कौसामावशीच्या हातात दिली. मोठ्या माणसाचं पुस्तक आहे, तुम्हाला जमेल, असं काहीतरी बोलले. तिनं दोन्ही हातांनी घेतलं. पदरात गुंडाळून नेलं. मला फार बरं वाटलं.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. तिसऱ्या आठवड्यात साखऱ्याचा जीपवाला एक पिशवी देऊन गेला. पिशवीत माझी कादंबरी होती, करडाचं पुस्तक होतं, आणि सिस्टरनी तिला करून दिलेलं वाचनाचं कार्डही होतं. लसीच्या कार्डासारखं, प्रत्येक पुस्तकाला एक टिंब.

काय झालं ते जीपवाल्यानंच सांगितलं. बचत गटाच्या बैठकीला ती पुस्तक घेऊन गेली होती. एवढं जाड पुस्तक बघून जावांनी, शेजारणींनी आग्रह धरला, की आम्हाला वाचून दाखव. ती उभी राहिली. पहिल्याच ओळीत 'अस्तित्वाच्या' असा शब्द होता. ती त्या शब्दाशी झटत राहिली आणि बायका हसू दाबत राहिल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, की जीपची पाटी आण गं, ती येते हिला. ती खाली बसली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, माझी शाळा झाली आता.

सिस्टरनी पिशवीतलं कार्ड काढून हातानं सरळ केलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. तेवढं एकदाच, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

"आईला मीच शिकवलं होतं. ट्रेनिंगला होते तवा. सुट्टीत मी घरी यायची, ती पाटी घ्यायची. चांगली वाचू लागली होती, पोरांची बारकी पुस्तकं. नोकरी लागली तसं मी तिला हे एवढं जाड पुस्तक आणलं. हौसच तशी होती मला. आईनं ते नव्या खणात बांधून ठेवलं. रोज काढायची, पुसायची, ठेवायची. वाचलं न्हाई कधी. अन् मग बारकी पुस्तकं बी वाचीना. म्हनली, लेकीनं मोठं आणलं, आता बारकं वाचलं तर बरं दिसत न्हाई." त्यांनी भाकर उलटली. "घशात एकदा आडकलं ना म्याडम, की लेकरू तोंडच उघडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी एक जुनं, कोपरे गेलेलं पुस्तक होतं. उर्दूचं. सिस्टरचे वडील निजामाच्या राजवटीत चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, आणि त्यांनी ती लिपी घरातल्या या एका मुलीला दिली होती. सिस्टर म्हणाल्या, "आजपासून तुमी सहा महिन्याच्या."

मी नाही म्हणू शकले नाही. रोज कॉलेजातून आले की ओसरीत अलिफ, बे, पे. एम. ए.ला विद्यापीठात दुसरी आलेली मी, टिंब वर का खाली यावर रडकुंडीला यायची. माजी सरपंच मुद्दाम त्याच वेळेला येऊन बसत आणि मी अडले की खोकत. तीन आठवड्यांनी मला 'बाबा आया', 'पानी ला' एवढं वाचता यायला लागलं. खोटं कशाला सांगू, मी कॉलेजात दोघांना तसं सांगितलंही. त्या संध्याकाळी सिस्टरनी वडिलांच्या पेटीतलं एक जाड पुस्तक काढलं, मधलं पान उघडलं आणि सरपंचांना म्हणाल्या, "ऐका, म्याडम वाचून दाखवणार हायेत."

अक्षरं एकमेकांत घुसलेली. शब्द कुठं संपतो ते कळेना. मी पहिल्या शब्दाशी झटले, सोडून दुसऱ्याशी झटले. कानाच्या पाळ्या तापल्या. सिस्टरनी माझं मनगट धरलं होतं आणि त्या घड्याळाकडं बघत होत्या.

"एकशे वीस," त्या म्हणाल्या. "तिचे किती झाले असतील?"

मी पुस्तक मिटलं. सरपंच त्या दिवशी खोकले नाहीत.

रविवारी मी साखऱ्याला गेले. गावात विचारत विचारत माळावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. कौसामावशी बाभळीखाली बसली होती, हातात चाती, लोकर कातत. मला बघून उठली, पाण्याची बाटली पुढं केली, घरच्यांची विचारपूस केली. पुस्तकाचं नाव काढलं नाही. मी माफी मागायचं ठरवून आले होते. वाक्यही मनात जुळवलं होतं. ते ऐन वेळी आठवेना, म्हणून पिशवीतून उर्दूचं पुस्तक काढलं आणि म्हटलं, मावशी, मी तुम्हाला वाचून दाखवते.

ओळीवर बोट ठेवून मी वाचलं. बाबा. आया. पानी. ला. एकेका शब्दाला एवढा वेळ लागला की दोन मेंढ्या येऊन बघून गेल्या. कौसामावशीची चाती थांबली. आधी तिला वाटलं, मी थट्टा करून राहिले. मग माझं बोट बघत तिनं विचारलं, की हे उलट्या अंगानं काहून वाचता? मी म्हटलं, ही लिपी तशीच आहे, मी नवीनच शिकते आहे. पुढच्या शब्दावर मी अडले. खरोखरच अडले. टिंब एक की दोन ते दिसेना. ती जवळ सरकली, पुस्तक स्वतःच्या डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "दोन हायेत. खालून."

दोन होते. तो शब्द लागला. 'रोटी'सारखा काहीतरी असेल असं मला वाटत होतं. तो निघाला 'बेटी'.

ती हसायला लागली. बचत गटातल्या बायका हसल्या तशी नाही. "म्हंजे तुमाला बी येत न्हाई म्हनायचं," ती म्हणाली, आणि बराच वेळ पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग चातीकडं बघत म्हणाली, "म्याडम, मी त्या शब्दाला लई जोर लावला. त्याचं डोकं एकीकडं अन् पाय एकीकडं. मला वाटलं, समद्या बायका बघून राहिल्या, आता धरनी फाटंल तर बरं."

मी म्हटलं, चूक माझी होती मावशी. कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढून तिनं माझ्या हातात दिला. गुरांच्या डॉक्टरनी वाटलेलं मेंढ्यांच्या आजारांचं पत्रक. महिनाभर तिच्याजवळ होतं. वाचायची इच्छा होती, पण पुन्हा अडले तर, म्हणून उघडलं नव्हतं.

ते पत्रक मी सिस्टरना दाखवलं. त्यांनी आधी एक वाक्य मोठ्यानं वाचलं. दम तुटला. म्हणजे वरच्या कोठीतलं. मी म्हटलं, हे तर आणखी अवघड. सिस्टर पत्रकाकडं बघतच राहिल्या आणि मग एकदम उठून येरझाऱ्या घालायला लागल्या. बाळंतपणाला जायच्या आधी घालत तशा, असं सरपंच म्हणाले.

"आपुन बायांना काय सांगत होतो," त्या म्हणाल्या, "एका टायमाला एकच नवं. केळ नवं असंल तर भात जुना. दोन्ही नवे दिले की पोट बिघडते. तुमच्या पुस्तकात शब्द बी नवे अन् माणसं बी नवी. ह्या कागदात शब्द नवे हायेत, पर मेंढरू तिचं हाय. द्या तिला."

पुढच्या बाजाराला कौसामावशी आली. जीपवाल्याकडून मी निरोप धाडला होता, की टिंबं बघायला या. ओसरीत ती सिस्टरच्या समोर बसली, मी आणि सरपंच बाजूला. पत्रकावर बोट ठेवून ती वाचत गेली. मेंढ्यांनी पावसाळ्यात कोवळं गवत जास्त खाल्लं की पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, जनावर एकाएकी मरतं. हळू, पण न थांबता. मग तो शब्द आला. 'आंत्रविषार'. माझ्या बारावीच्या पोरांतली निम्मी त्याच्यावर पडली असती. कौसामावशीनं एकदा तोंडातल्या तोंडात जुळवलं आणि म्हणाली, "आंत्र-विषार. म्हंजे आतड्यात इख होतं ते. व्हय ना? आमच्या दोन बारक्या पाठी मेल्या तशा मागच्या साली." आणि बोट पुढच्या शब्दावर गेलंसुद्धा.

सिस्टरनी टाचणी घेऊन कार्डावर टिंब टोचलं. नेहमीपेक्षा थोडं मोठं.

त्यानंतर एक वर्ष सिस्टरनी तिला कसं पुढं नेलं, ते मी जवळून पाहिलं. ओळखीची गोष्ट असली तर शब्द नवे. शब्द सोपे असले तर गोष्ट नवी: समुद्राची, बर्फाची, आगगाडीची. नवं पुस्तक दिलं की सोबत एक जुनंही द्यायच्या, दमल्यावर वाचायला. मधूनच एखादं करडाचं. मी एकदा म्हटलं, हे आता कशाला? तर म्हणाल्या, "तुमी बासुंदी खाता तवा पाणी पीत न्हाई का?" पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात परत आणायची पूर्ण मुभा. एकदा कौसामावशी घाबरत घाबरत म्हणाली, की शिष्टर, हे पुस्तक मला गोड न्हाई लागलं. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी सरपंचांना बोलावून तिला ते वाक्य परत म्हणायला लावलं.

आणि एक दिवस त्या माझ्या खोलीच्या दारात कात्री घेऊन उभ्या राहिल्या. काय हवंय ते मला कळलं. मी टेबलावरून कादंबरी काढून दिली. त्या म्हणाल्या, तुमच्या नावाचं पान तेवढं वेगळं काढून देते. मी म्हटलं, राहू द्या.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्वच्छ फडक्यावर, माझ्या बक्षिसाचे सात भाग झाले. गाठ बसेपर्यंत दोऱ्यावर बोट धरायला मी होते. पहिलं पान सुटलं तेव्हा मी मान फिरवली, हे खरं. तिसऱ्या भागापर्यंत मात्र मी कुठला एक्स-रे कुठं लावायचा यावर वाद घालायला लागले होते. पहिल्या भागाला कोणाचा तरी पंजा, दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला बरगड्या, असं करत शेवटच्याला सरपंचांचा खुबा.

कौसामावशी एकेक भाग नेत राहिली. 'अस्तित्वाच्या' त्या ओळीवर सिस्टरनी तिला आधीच सांगितलं, की तो शब्द दिसला की त्याला रामराम करून पुढं जायचं, त्याच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. दर बाजाराला ती ओसरीच्या पायरीवरूनच म्हणायची, "गुडघा झाला, आता बरगडी द्या." नव्या माणसानं ऐकलं तर त्याला सिस्टर अजून दवाखाना चालवतात असं वाटे. खुबा न्यायला मात्र तिनं तीन आठवडे घेतले, आणि परत केला तो तणतणत. गोष्टीतली बाई शेवटी सासरी परत जाते, ते तिला मान्य नव्हतं. सहा भाग एवढी नांदली, भांडली, शिकली, अन् सातव्यात गपगुमान माघारी? तिनं सिस्टरना विचारलं, की हे कोणी लिहिलं? त्याला बायको व्हती का?

सिस्टर म्हणाल्या, बाईनंच लिहिलंय. कौसामावशी म्हणाली, "मग तिला कोणीतरी घाई केली आसंल."

त्यावर त्या दोघींचं दीड तास भांडण चाललं. सिस्टरचं म्हणणं, की बाई परत गेली ते बराबर. कौसामावशीचं, की तकलीफ जिला झाली तिला विचारा. मी आधीच्या कॉलेजात ही कादंबरी चार वर्षं शिकवली होती आणि शेवटावर एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मी मधे काही बोलले तर दोघींनीही मला गप्प बसवलं.

यानंतर एक अवघड दिवस आला तो सिस्टरना. कौसामावशी आली, सिस्टरनी तिच्यासाठी काढून ठेवलेलं पुस्तक तिनं हातात घेतलं, दोन पानं चाळली आणि परत ठेवलं. मग स्वतःच उठली, कोठ्यांची झाकणं उघडत गेली आणि 'पचलं तर'मधून एक काढलं. अखंड, न कापलेलं. सिस्टर म्हणाल्या, ते आता नको. ती म्हणाली, "बघते." आणि निघून गेली. सिस्टर दोन दिवस घुम्या होत्या. मी मनगट पुढं केलं तरी नाडी बघितली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर त्या ओसरीत बसून पाचही कोठ्यांवरच्या चिकटपट्ट्या नखानं खरवडत होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, की ज्याला जे पाहिजे ते ज्यानं त्यानं उघडून बघावं. फक्त सरपंचांना खालच्या दोन कोठ्या कुठल्या ते सांगून ठेवायचं.

त्याच सुमारास मला परभणीला कायमची नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सिस्टर मला सोडायला जीपच्या अड्ड्यावर आल्या. बाजाराचा दिवस होता, कौसामावशीही आली. तिनं माझ्यासाठी बाजरीच्या दशम्या आणल्या होत्या, आणि डोळे आधीच भरलेले. आमच्याकडं जीप भरल्याशिवाय निघत नाही. मी खिडकीजवळ बसले, त्या दोघी बाहेर उभ्या. पाच मिनिटं रडणं झालं, दहा मिनिटं उपदेश झाला, तरी अजून चार सवाऱ्या कमी होत्या. मग बोलायचंही संपलं. कौसामावशी पानपट्टीच्या कट्ट्यावर टेकली. मी सिस्टरशी परभणीच्या पाण्याबद्दल बोलत होते.

अर्ध्या तासानं जीप भरली. ड्रायव्हर चढला. मी हात बाहेर काढून हाक मारणार, तेवढ्यात सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं कट्ट्याकडं दाखवलं. कौसामावशी पुस्तक उघडून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ हलत नव्हते. पहिल्यांदाच मी तिला मनातल्या मनात वाचताना बघत होते. शेजारी कोणी मिरच्यांचं पोतं आपटलं, तरी तिनं मान वर केली नाही. तिनं पान उलटलं.

ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं गेला. सिस्टर त्याच्या खिडकीतून आत वाकल्या आणि त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नको," त्या म्हणाल्या. "ती वाचून राहिली."

जीप हॉर्न न वाजवता अड्ड्यातून बाहेर पडली.